इमारतींतील काच : प्रकाश, उष्णता आणि सुरक्षितता

गेल्या तीन दशकांत भारतीय महानगरांचे दृश्यरूप झपाट्याने पालटले आहे. मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुल, दिल्लीलगतचे गुरुग्राम, हैदराबादमधील हायटेक सिटी किंवा बंगळूरुमधील माहिती तंत्रज्ञान उद्याने यांपैकी कोठेही गेले, तरी दगड, वीट आणि काँक्रीटच्या भिंतींची जागा काचेच्या अखंड पृष्ठभागाने घेतलेली दिसते. १९९१ मध्ये आर्थिक उदारीकरण सुरू झाले. त्यानंतर कार्यालये, विमानतळ, रुग्णालये आणि व्यापारी संकुले यांच्या बांधकामात काचेचा वापर सातत्याने वाढत गेला. काच हे प्रगतीचे आणि आधुनिकतेचे प्रतीक मानले जाऊ लागले.

तथापि, काच ही केवळ शोभेची वस्तू नव्हे. इमारतीत किती प्रकाश यावा, किती उष्णता शिरावी, वातानुकूलनावर किती वीज खर्च व्हावी आणि आग लागल्यास धूर कोठून बाहेर पडावा, हे सर्व काचेच्या निवडीवर व मांडणीवर अवलंबून असते. युरोप-अमेरिकेच्या थंड हवामानात जी रचना ऊब देते, तीच रचना भारताच्या बहुतांश भागात विजेचा भार वाढविते. म्हणूनच काच वापरावी की वापरू नये, हा खरा प्रश्न नाही. कोणत्या हवामानात, कोणत्या दिशेला, किती प्रमाणात व कोणत्या प्रकारची काच वापरावी, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शास्त्र, स्थापत्य आणि कायदा या तिन्ही अंगांनी पाहणे आवश्यक आहे.

तावदानापासून काचेच्या भिंतीपर्यंत

काचेचा मुख्य घटक म्हणजे सिलिका, अर्थात शुद्ध वाळू. इमारतींच्या काचेत सिलिकेचे प्रमाण सुमारे ७० ते ७२ टक्के असते. तिच्यात सोडा अॅश, चुनखडी आणि डोलोमाइट मिसळून हे मिश्रण सुमारे १,५०० ते १,६०० अंश सेल्सिअस तापमानाला वितळविले जाते. सोडा अॅशमुळे वाळूचा वितळणांक खाली येतो, तर चुनखडीमुळे काच टिकाऊ होते.

एकेकाळी सपाट काच तयार करणे अत्यंत कष्टाचे काम होते. फुंकून केलेल्या नळकांड्यांना चिरून ती सपाट केली जात असे. त्यामुळे तावदाने लहान आणि महाग असत. भारतात सामान्य घरांच्या खिडक्यांना लाकडी झडपा किंवा गज असत. गोव्यातील जुन्या घरांत काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ, अर्धपारदर्शक चकत्या लाकडी चौकटीत बसवीत. बाहेरचा प्रखर उजेड त्यांतून गाळून सौम्य होऊन आत येत असे.

काचेच्या वास्तूंच्या इतिहासात १८५१ हे वर्ष महत्त्वाचे मानले जाते. त्या वर्षी लंडनमधील हाइड पार्क येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टन यांनी लोखंड व काच यांचा ‘क्रिस्टल पॅलेस’ उभारला. त्यात सुमारे तीन लाख तावदाने वापरली होती. तथापि, लंडनसारख्या थंड शहरातही या वास्तूच्या छतावर कापडाचे आच्छादन घालावे लागले आणि हवा खेळती राहावी म्हणून झडपांची योजना करावी लागली. काच आणि ऊन यांचा संबंध पॅक्स्टन यांनी ओळखला होता.

विसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटनमधील पिल्किंग्टन कंपनीने विकसित केलेल्या आणि १९५९ मध्ये जाहीर केलेल्या तरंग पद्धतीने, म्हणजेच ‘फ्लोट’ प्रक्रियेने, या उद्योगात क्रांती घडविली. या पद्धतीत वितळलेली काच वितळलेल्या कथिलाच्या पृष्ठभागावर सोडली जाते. कथील अधिक घन असल्याने काच त्यावर तरंगते व पसरते. परिणामी तिच्या दोन्ही बाजू घासकाम न करताही सपाट आणि नितळ होतात. भारतात १९९० च्या दशकात गुजरातमधील अंकलेश्वर आणि महाराष्ट्रातील तळोजा येथे फ्लोट काचेचे कारखाने सुरू झाले. त्यानंतर मोठ्या आकाराची काच देशातच सहज उपलब्ध होऊ लागली.

याच काळात इमारतीची रचनाही बदलत होती. पोलाद किंवा काँक्रीटच्या सांगाड्याने इमारतीचा संपूर्ण भार पेलल्यामुळे बाहेरच्या भिंतीवर भार उरला नाही. ती सांगाड्याला पडद्याप्रमाणे अडकविता येऊ लागली. यालाच ‘पडदा भिंत’ म्हणतात. न्यूयॉर्कमधील १९५२ ची ‘लेव्हर हाऊस’ ही इमारत तिचे प्रसिद्ध उदाहरण होय. अशा इमारतींच्या खिडक्या उघडत नाहीत. आतील हवा पूर्णतः यंत्रांवर अवलंबून असते. काचेची बंद इमारत आणि वातानुकूलन यंत्रणा यांचा प्रसार जगभर हातात हात घालून झाला.

काच उष्णता का साठविते?

सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेचा सुमारे निम्मा भाग अवरक्त किरणांच्या स्वरूपात असतो. उरलेल्या ऊर्जेत दृश्य प्रकाशाचा वाटा मोठा असून अतिनील किरणांचे प्रमाण अल्प असते. साध्या पारदर्शक काचेतून यांपैकी बहुतेक लघुतरंग ऊर्जा सहज आत शिरते. ती जमीन, फर्निचर व भिंती यांत शोषली गेली की या वस्तू तापतात आणि दीर्घतरंग उष्णता उत्सर्जित करू लागतात. या दीर्घतरंग किरणांना मात्र काच अपारदर्शक असते. आत आलेली उष्णता अशा रीतीने अडकून पडते. खिडक्या बंद असल्याने तापलेली हवाही बाहेर जाऊ शकत नाही. भर उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या आतील उकाडा याच कारणाने होतो.

काचेची ही वागणूक मोजण्यासाठी तीन परिमाणे वापरली जातात. पहिले परिमाण म्हणजे सौर उष्णता लाभ गुणांक. काचेवर पडलेल्या सौर ऊर्जेपैकी किती भाग उष्णतेच्या रूपाने आत येतो, हे तो सांगतो. सहा मिलिमीटर जाडीच्या साध्या काचेसाठी तो सुमारे ०.८ असतो. याचा अर्थ, पडलेल्या उष्णतेपैकी सुमारे ८० टक्के उष्णता आत येते.

दुसरे परिमाण उष्णता पारेषण गुणांकाचे असून त्यास ‘यू-मूल्य’ असेही म्हणतात. आतील आणि बाहेरील तापमानात एक अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता वाहते, हे त्यावरून कळते. साध्या एकेरी काचेचे यू-मूल्य सुमारे ५.७, तर गिलावा केलेल्या नऊ इंची विटांच्या भिंतीचे सुमारे २ असते. दोन काचांमध्ये हवेची बंदिस्त पोकळी ठेवल्यास हे मूल्य सुमारे २.८ पर्यंत खाली येते.

तिसरे परिमाण दृश्य प्रकाश पारगमनाचे आहे. बाहेरील उजेडापैकी किती उजेड आत पोहोचतो, हे ते दर्शविते. काळपट काच बसवून उष्णता कमी करता येते, परंतु त्याबरोबर उजेडही जातो. मग भर दुपारी दिवे लावावे लागतात आणि एका हाताने वाचविलेली वीज दुसऱ्या हाताने खर्च होते. म्हणून चांगल्या काचेची कसोटी उष्णता अडविणे आणि उजेड येऊ देणे अशी दुहेरी असते. आधुनिक काचांवर चांदीसारख्या धातूंचे अतिसूक्ष्म थर देऊन हे साध्य केले जाते. हे थर अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात, मात्र दृश्य प्रकाशाचा बराच भाग आत येऊ देतात.

एका उदाहरणाने या आकड्यांचे महत्त्व स्पष्ट होईल. पश्चिमेकडे तोंड असलेल्या एका कार्यालयाला १०० चौरस मीटर काच आहे आणि दुपारी तिच्या दर चौरस मीटरवर ६०० वॅट सौर ऊर्जा पडत आहे, असे मानू. साध्या काचेतून ४८ किलोवॅट उष्णता आत येईल. ०.२७ गुणांकाची काच वापरल्यास हाच आकडा सुमारे १६ किलोवॅट होईल. शीतकरणाचा एक टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता. त्या हिशेबाने पहिल्या कार्यालयाला केवळ या उन्हासाठी सुमारे साडेतेरा टन, तर दुसऱ्याला सुमारे साडेचार टन शीतकरण लागेल. हा फरक दीड टनी क्षमतेच्या सहा वातानुकूलन यंत्रांएवढा आहे.

याच काचेच्या आत व बाहेर दहा अंशांचा फरक असेल, तर साध्या काचेतून वहनाने येणारी उष्णता केवळ ५.७ किलोवॅट भरते. यावरून भारताच्या उष्ण प्रदेशात काचेची निवड करताना यू-मूल्यापेक्षा सौर उष्णता लाभ गुणांक अधिक निर्णायक का ठरतो, हे लक्षात येते. केवळ दुहेरी काच बसविल्याने ऊन अडत नाही.

दिशा आणि सावली

काच कितीही उत्तम असली, तरी ऊन काचेवर पडूच न देणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्यासाठी सूर्याच्या मार्गाचा अभ्यास उपयोगी पडतो. दिल्लीत २१ जूनच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ८५ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर असतो. डिसेंबरमध्ये तो सुमारे ३८ अंशांपर्यंत खाली उतरतो. त्यामुळे दक्षिणेकडील खिडकीवर योग्य लांबीचा आडवा छज्जा दिल्यास उन्हाळ्यातील ऊन अडते आणि हिवाळ्यातील हवेहवेसे ऊन आत येते. पूर्व व पश्चिमेला मात्र सूर्य खालून, तिरपा येतो. तेथे आडवा छज्जा निरुपयोगी ठरतो. उभ्या पट्ट्या, जाळी किंवा झाडे यांचा तेथे उपयोग होतो. उत्तरेकडील खिडकीतून थेट ऊन फारसे न येता स्थिर उजेड मिळतो. म्हणूनच इमारतीची लांब बाजू पूर्व-पश्चिम पसरलेली ठेवून मुख्य खिडक्या उत्तर-दक्षिण दिशांना घ्याव्यात, असे सुचविले जाते.

हे ज्ञान भारतीय परंपरेला नवे नाही. जयपूरच्या १७९९ मधील हवामहालातील जाळीदार झरोके उजेड आणि वारा आत घेतात, परंतु प्रखर ऊन बाहेर ठेवतात. वाड्यांतील चौक, ओसरी आणि खोल पडवी यांचाही हेतू तोच होता.

आधुनिक वास्तुकलेने हा धडा अनुभवातून गिरविला. प्रख्यात वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी पॅरिसमध्ये १९३३ साली पूर्ण केलेल्या निवारागृहाला दक्षिणेकडे न उघडणारी काचेची अखंड भिंत दिली होती. शीतकरणाच्या अभावी उन्हाळ्यात आतील उकाडा असह्य झाला आणि पुढे त्या दर्शनी बाजूवर सूर्यरोधक पट्ट्या बसवाव्या लागल्या. भारतात काम करताना त्यांनी सूर्यरोधक पट्ट्यांना रचनेतच स्थान दिले. अहमदाबादमधील गिरणीमालक संघाची १९५४ ची इमारत आणि चंदीगडचे कॅपिटॉल संकुल यांत काँक्रीटच्या खोल पट्ट्यांमागे काच बसविलेली आहे. या संकुलाचा समावेश २०१६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला.

नवी दिल्लीतील पर्यावरण मंत्रालयाचे मुख्यालय असलेले इंदिरा पर्यावरण भवन हे अलीकडील उदाहरण होय. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने उभारलेल्या आणि २०१४ मध्ये उद्घाटन झालेल्या या इमारतीत मध्यवर्ती चौक, उत्तर-दक्षिण मांडणी, दुहेरी काचेच्या खिडक्या आणि ९३० किलोवॅट क्षमतेची सौर यंत्रणा यांचा मेळ घातला आहे. आधी गरज कमी करावी आणि मग उरलेली गरज सूर्याकडून भागवावी, हा क्रम येथे पाळला गेला.

एक देश, पाच हवामाने

ऊर्जाविषयक नियमांसाठी भारताचे पाच हवामान विभाग केले आहेत : उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, संमिश्र, समशीतोष्ण आणि शीत. अहमदाबाद व जोधपूर पहिल्या, मुंबई, चेन्नई व कोलकाता दुसऱ्या, दिल्ली व नागपूर तिसऱ्या, बंगळूरु चौथ्या, तर श्रीनगर व लेह पाचव्या विभागात येतात. मुंबईसारख्या दमट शहरात वारा हाच खरा दिलासा असल्याने उघडणारी खिडकी अत्यावश्यक ठरते. उष्ण-कोरड्या प्रदेशात लहान, सावलीतील खिडक्या हितावह असतात. बंगळूरुसारख्या सौम्य हवामानात तर सावली आणि वायुवीजन नीट साधल्यास वातानुकूलनाविनाही बरेच काम भागते.

शीत प्रदेशात मात्र हेच गणित उलटे होते. लडाखमध्ये हिवाळ्यात तापमान शून्याच्या बरेच खाली जाते, परंतु आकाश निरभ्र असते. तेथे दक्षिणेकडील मोठ्या काचेतून ऊन आत घेऊन ते मातीच्या जाड भिंतींत साठविले जाते आणि रात्री त्याची ऊब मिळते. लेहजवळील फे येथील ‘सेकमोल’ या शैक्षणिक संस्थेचे संकुल याच तत्त्वावर उभारलेले आहे. जो गुणधर्म मुंबईत दोष ठरतो, तोच लेहमध्ये इंधन वाचवितो.

काच फुटते तेव्हा

काचेचा दुसरा महत्त्वाचा पैलू सुरक्षिततेचा आहे. काच दाब चांगला सोसते, परंतु ताण सहन करू शकत नाही आणि पूर्वसूचना न देता फुटते. साधी काच फुटली की तिचे लांब, धारदार तुकडे होतात. शिवाय ती जड असते. एक मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर काचेचे वजन अडीच किलोग्रॅम भरते. म्हणजे सहा मिलिमीटर जाडीचे तेवढेच तावदान १५ किलोग्रॅमचे होते. ते विसाव्या मजल्यावरून खाली पडल्यास होणाऱ्या हानीची कल्पना करता येईल.

यावर उपाय म्हणून सुरक्षा काच वापरली जाते. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. टफन्ड काच तयार करताना साधी काच ६०० अंशांहून अधिक तापवून हवेच्या झोताने एकदम थंड केली जाते. त्यामुळे पृष्ठभाग दाबाखाली व गाभा ताणाखाली राहतो आणि काचेची ताकद सुमारे चार ते पाच पट वाढते. ती फुटलीच, तर लहान, बोथट तुकडे होतात. मात्र एकदा टफन्ड केलेली काच कापता किंवा भोके पाडता येत नाही. हे काम आधीच करून घ्यावे लागते. काचेत राहिलेल्या निकेल सल्फाइडच्या सूक्ष्म कणांमुळे ती क्वचित आपोआपही फुटते. यासाठी कारखान्यात उष्णता चाचणी घेऊन सदोष काचा वेगळ्या काढल्या जातात.

दुसरा प्रकार लॅमिनेटेड काचेचा. यात दोन किंवा अधिक काचांमध्ये प्लास्टिकचा चिवट, पारदर्शक थर असतो. काच तडकली, तरी तुकडे या थराला चिकटून राहतात आणि तावदान जागेवरून सहसा ढळत नाही. मोटारीची पुढील काच याच प्रकारची असते. छतावरील काच, कठडे, जिने आणि काचेचे पूल यांसाठी म्हणूनच लॅमिनेटेड काच आवश्यक ठरते. कन्याकुमारी येथे विवेकानंद स्मारक शिला आणि तिरुवल्लुवर पुतळा यांना जोडणाऱ्या, ३० डिसेंबर २०२४ रोजी खुल्या झालेल्या ७७ मीटर लांबीच्या काचेच्या पुलामुळे भार पेलणारे साहित्य म्हणूनही काचेची ओळख सर्वसामान्यांना झाली आहे.

भारतीय मानक ब्युरोने इमारतींतील सुरक्षा काचेसाठी ‘आयएस २५५३’ हे मानक निश्चित केले आहे. काचेच्या वापराची आचारसंहिता ‘आयएस १६२३१’ या चार भागांच्या मानकात दिलेली आहे. निवडीची सर्वसाधारण पद्धत, ऊर्जा व प्रकाश, आग व भार आणि माणसाच्या धडकेपासून सुरक्षितता असे तिचे चार विषय आहेत. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीतही काचेसाठी स्वतंत्र विभाग आहे.

आग, धूर आणि बंद काच

आगीत होणारे बहुतेक मृत्यू ज्वाळांपेक्षा धुरामुळे गुदमरून होतात. हवाबंद काचेच्या इमारतीत हा धोका अनेक पटींनी वाढतो. २३ फेब्रुवारी २०१० रोजी बंगळूरुमधील एका बहुमजली व्यापारी इमारतीला लागलेल्या आगीत नऊ जणांचा मृत्यू झाला. धुराने कोंडलेल्या लोकांनी काचा फोडल्या आणि काहींनी वरून उड्या घेतल्या. ९ डिसेंबर २०११ रोजी कोलकात्यातील एका रुग्णालयाच्या तळघरात लागलेल्या आगीचा धूर वरच्या मजल्यांवर पसरला आणि सुमारे ९० जणांना प्राण गमवावे लागले. त्यांत अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची संख्या मोठी होती. तेथेही काचा फोडूनच बचावकार्य करावे लागले.

अशा इमारतींत दोन त्रुटी घातक ठरतात. पहिली, आतून उघडता येईल अशी खिडकी नसणे. दुसरी, काचेचा पडदा आणि प्रत्येक मजल्याची लादी यांमधील फट. ही फट अग्निरोधक साहित्याने बंद केलेली नसल्यास ती धुराड्याप्रमाणे काम करते आणि धूर क्षणार्धात वरच्या मजल्यांवर पोहोचतो. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ नुसार ही फट बंद करणे आवश्यक आहे. तसेच काचेच्या दर्शनी भागावर प्रत्येक मजल्यावर, एकमेकांपासून दहा मीटरपेक्षा अधिक अंतर न ठेवता, किमान एक मीटर लांब-रुंद अशी बाहेर उघडणारी अग्निशमन द्वारे असावीत आणि त्यांवर आतून ठळक सूचना लिहिलेली असावी, अशी तरतूद आहे. ही द्वारे फर्निचरने किंवा सजावटीने झाकली जाणार नाहीत, याची जबाबदारी इमारत वापरणाऱ्यांवर येते.

कायदेशीर चौकट

इमारतींच्या ऊर्जावापराचे नियमन ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ नुसार होते. या अधिनियमान्वये १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची स्थापना झाली. ब्युरोने २००७ मध्ये व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता तयार केली आणि २०१७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करारमागणी असलेल्या व्यापारी इमारती तिच्या कक्षेत आल्या. संहितेचे किमान पालन केल्यास २५ टक्के, तर वरच्या दोन श्रेणींत अनुक्रमे ३५ व ५० टक्के ऊर्जाबचत अपेक्षित धरण्यात आली.

काचेविषयी २०१७ च्या संहितेतील विहित तरतुदी स्पष्ट आहेत. भिंतीच्या एकूण क्षेत्रफळात खिडक्यांचे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक नसावे. शीत विभाग वगळता, उत्तरेखेरीज अन्य दिशांच्या काचेचा सौर उष्णता लाभ गुणांक ०.२७ पेक्षा जास्त नसावा. दृश्य प्रकाश पारगमन मात्र किमान ०.२७ असावे. शीत विभागात गुणांकाची मर्यादा ०.६२ पर्यंत शिथिल केली आहे. संपूर्ण काचेची इमारत बांधावयाची असेल, तर समग्र ऊर्जा विश्लेषणाद्वारे ती संहितेइतकीच कार्यक्षम असल्याचे सिद्ध करावे लागते.

निवासी इमारतींसाठी डिसेंबर २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ जाहीर झाली. तिच्यानुसार शीत विभाग वगळता अन्यत्र, छप्पर सोडून इमारतीच्या आवरणातून आत येणाऱ्या उष्णतेचे सरासरी मूल्य दर चौरस मीटरला १५ वॅटपेक्षा अधिक असू नये. उघडणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र उष्ण-दमट विभागात चटई क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, संमिश्र व समशीतोष्ण विभागांत १२.५ टक्के, तर उष्ण-कोरड्या विभागात १० टक्के असावे. ऊर्जा संवर्धन (सुधारणा) अधिनियम, २०२२ ने मोठ्या निवासी इमारतींनाही कायद्याच्या कक्षेत आणण्याचा मार्ग मोकळा केला आणि ऊर्जेबरोबरच शाश्वततेलाही स्थान दिले. त्यास अनुसरून २०२४ मध्ये ऊर्जा संवर्धन व शाश्वत इमारत संहिता आली.

येथे संघराज्यीय रचनेचा एक मुद्दा ध्यानात घ्यावा लागतो. जमीन आणि स्थानिक स्वराज्य हे विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्य सूचीत आहेत. त्यामुळे केंद्राने संहिता तयार केली, तरी राज्यांनी ती आपल्या गरजेनुसार अधिसूचित करणे आणि महापालिका व नगरपालिकांनी ती बांधकाम उपविधींत समाविष्ट करणे आवश्यक असते. राष्ट्रीय इमारत संहितेचेही स्वरूप मार्गदर्शक आहे. स्थानिक उपविधींत अंतर्भाव झाल्यावरच तिच्या तरतुदी बंधनकारक होतात. आराखडा मंजूर करणाऱ्या अभियंत्याला काचेचे गुणांक तपासण्याचे प्रशिक्षण आणि पूर्ण झालेल्या इमारतीत तीच काच बसविली आहे का, हे पाहण्याची व्यवस्था या दोन्ही गोष्टींवर नियमांचे यश अवलंबून आहे.

पुढील दिशा

२०१९ च्या भारत शीतकरण कृती आराखड्यानुसार, २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत देशाची शीतकरणाची मागणी सुमारे आठपट होण्याचा अंदाज आहे. याच कालावधीत ही मागणी २० ते २५ टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्टही आराखड्याने ठेवले आहे. यंत्रे कार्यक्षम करणे हा त्याचा एक मार्ग आहे. इमारतीत उष्णता शिरूच न देणे हा त्याहून मूलभूत मार्ग आहे. यंत्र काही वर्षांनी बदलता येते. इमारतीची दिशा आणि खिडक्यांची मांडणी मात्र पुढील पन्नास-साठ वर्षांसाठी ठरून जाते. आज मंजूर होणारा प्रत्येक आराखडा त्यामुळे भावी वीजमागणीचाही आराखडा असतो.

तंत्रज्ञानही पुढे सरकत आहे. वीजप्रवाहाच्या साहाय्याने छटा बदलणारी काच आणि सौर घट बसविलेली, वीजनिर्मिती करणारी काच उपलब्ध झाली आहे. काचेचा पुनर्वापर हाही दुर्लक्षित विषय आहे. काच पुन्हा पुन्हा वितळविली तरी तिचा दर्जा घटत नाही. भट्टीत कच्च्या मालाबरोबर दर १० टक्के काचेचे तुकडे मिसळल्यास सुमारे अडीच ते तीन टक्के ऊर्जा वाचते. तथापि, पाडलेल्या इमारतींची काच इतर राडारोड्यात मिसळली की तिचे हे मूल्य नष्ट होते. ती जागेवरच वेगळी काढणे त्यासाठी गरजेचे आहे.

हा विषय केवळ मोठ्या संकुलांपुरता मर्यादित नाही. शाळेचा वर्ग, ग्रामीण रुग्णालय किंवा शासकीय गृहनिर्माण योजनेतील छोटे घर यांच्या खिडक्यांनाही तेच नियम लागू पडतात. तेथे महागड्या काचेची गरज नसते. योग्य दिशेला घेतलेली उघडणारी खिडकी, तिच्यावर पुरेसा छज्जा आणि समोरासमोर वाऱ्याची वाट एवढ्याने उजेडही मिळतो आणि उकाडाही कमी होतो. ज्यांना वातानुकूलन परवडत नाही, अशा कोट्यवधी कुटुंबांसाठी वाढत्या उष्णतेच्या लाटांत हा प्रश्न सोयीचा नसून आरोग्याचा आहे. काचेचा वापर स्थानिक हवामान, सूर्याचा मार्ग आणि आत राहणाऱ्या माणसांची सुरक्षितता यांनुसार ठरविला गेला, तर ती विकासाचे चिन्ह तर राहीलच, शिवाय त्याचे साधनही बनेल.